एकट्या शिकाऱ्याची शिदोरी



या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. माझे शिक्षण शाळेच्या चार भिंतींत फारसे झालेले नाही. जे झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा मी सिद्धान्त मांडणार नाही. एका कामकरी बाईची हकीकत सांगणार आहे आणि तिच्या आधाराने एका प्रश्नाचा विचार करणार आहे. माणूस निर्जन मुलखात एकटा सापडला आणि शिकार केल्यावाचून पोट भरण्याचा दुसरा मार्ग उरला नाही, तर त्याला कोण तारते? बळ, बंदूक, की आणखी काही?

शिकारी म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे मचाण, रायफल आणि मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेले छायाचित्र उभे राहते. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो षोक बंद झाला, आणि झाला हे चांगलेच झाले. मी बोलणार आहे ती शिकार षोकाची नव्हे, पोटाची.

या बाईचे नाव एडा ब्लॅकजॅक. १८९८ साली अलास्कात इनुपियात कुळात तिचा जन्म झाला. नोम गावी मिशनऱ्यांकडे ती लिहावाचावयास, रांधावयास आणि शिवावयास शिकली. शिकार मात्र तिला कोणी शिकविली नाही. नवरा सोडून गेला. तीन मुलांपैकी दोन दगावली. उरलेल्या बेनेटला क्षयाने ग्रासले. त्याला बरोबर घेऊन ती चाळीस मैल चालून नोमला आली, आणि पोसणे अशक्य झाले तेव्हा तिने काळजावर दगड ठेवून त्याला अनाथाश्रमात ठेवले. अशा वेळी तिला एक नोकरी सांगून आली. सैबेरियाच्या उत्तरेस रँगेल नावाचे बर्फाळ बेट आहे. तेथे चार गोरे तरुण जाणार होते: क्रॉफर्ड, नाइट, मॉरर आणि गॅल. त्यांचे कातडी कपडे शिवावयाचे. पगार महिना पन्नास डॉलर. आणखी इनुपियात कुटुंबे येणार असे तिला सांगितले होते, पण आयत्या वेळी कोणीच आले नाही. मुलाच्या औषधपाण्यासाठी एडा मात्र गेली.

१६ सप्टेंबर १९२१ रोजी ही पाच माणसे आणि व्हिक नावाची एक मांजर बेटावर उतरली. मोहीम आखणारा होता प्रसिद्ध संशोधक स्टेफान्सन. उत्तर ध्रुवाचा प्रदेश माणसाला अनुकूल आहे, हे त्याचे आवडते मत. त्याने अन्न दिले सुमारे सहा महिन्यांचे. पुढचे शिकारीवर निभेल आणि उन्हाळ्यात जहाज येईलच, असा हिशेब. तो स्वतः मात्र गेला नाही.

१९२२ च्या उन्हाळ्यात ‘टेडी बेअर’ नावाचे जहाज निघाले, पण बर्फाने वाट अडविली आणि ते परत फिरले. शिकार कमी झाली, कोठार रिते झाले. २८ जानेवारी १९२३ रोजी क्रॉफर्ड, मॉरर आणि गॅल गोठलेल्या समुद्रावरून मदत आणावयास सैबेरियाकडे निघाले. ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. मागे राहिली एडा आणि आजारी नाइट. त्याला स्कर्व्ही झाला होता. ताजे अन्न न मिळाल्याने हा रोग होतो. हिरड्या सुजतात, दात हलतात, अंगातले त्राण जाते. ज्याच्या अभावाने तो होतो ते क जीवनसत्त्व शास्त्रज्ञांच्या हाती आले त्यानंतर काही वर्षांनी. एडा लाकूड तोडी, सापळे लावी, रोग्याला भरवी आणि त्याची बोलणीही खाई. जून महिन्यात नाइट मरण पावला. त्यानंतर जवळजवळ दोन महिने त्या बेटावर ती आणि ते मांजर, एवढेच जीव उरले. २० ऑगस्ट १९२३ ला ‘डोनाल्डसन’ जहाज आले तेव्हा ती जिवंत होती. पाचांपैकी ती एकटी!

आता पाहा. या पाचांत शिकारीचे ज्ञान सर्वांत कमी कोणाला? एडाला. बंदुकीची आणि पांढऱ्या अस्वलाची धास्ती कोणाला? तिलाच. नाइट तर धिप्पाड आणि बर्फाचा माहितगार गडी. मॉरर १९१४ साली ‘कार्लुक’ जहाज बुडाल्यावर याच बेटावरून वाचून आलेला. ही माणसे भित्री नव्हती. दैवाचाही भाग असतो, हे मी नाकारीत नाही. पण दैवाचा वाटा वजा केल्यावरही जे उरते, ते शिकण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट शिदोरीची. मदत वेळेवर येईल असे धरून जी शिदोरी बांधली, ती शिदोरीच नव्हे. आम्ही संपवाले हे जाणतो. मालक आठ दिवसांत नमेल, असे गृहीत धरून जो पुढारी संप पुकारतो, तो नवव्या दिवशी कामगाराच्या चुलीला काय उत्तर देणार? हिशेब वाईटात वाईट दिवसाचा करावयाचा असतो.

दुसरी गोष्ट सुईची. निर्जन मुलखात माणसाला भुकेआधी थंडी मारते, त्यानंतर तहान, आणि भूक पुष्कळ उशिरा. उबेचा आधार पाय आणि अंग झाकणारे कातडे. तेथे फाटलेला बूट म्हणजे गोठलेला पाय, आणि गोठलेल्या पायाने शिकार कशी करावयाची? ज्या शिवणकामासाठी तिला केवळ मोलकरीण म्हणून नेले, ते काम बंदुकीच्या तोडीचे होते. हाताला जी कला येते ती क्षुल्लक समजू नका.

तिसरी गोष्ट भीतीची. एडाने भीती झटकून टाकली नाही. तिने भीतीला कामाला लावले. अस्वलाची धास्ती वाटते ना? मग तिने आसऱ्यावर उंच माळा बांधला, म्हणजे अस्वल दुरूनच दिसावे. अंथरुणाच्या वर, हात पोहोचेल अशा बेताने बंदूक टांगण्याची सोय केली. नेम धरावयास ती स्वतःच शिकली. कोल्ह्यांना सापळे लावले, पक्षी पाडले, कातड्याची होडी बनविली, आणि घडले ते लिहून ठेवले. ज्याच्यापुढे आजचे काम आहे त्याला उद्याची धडकी कमी भरते. रानात वाट चुकली तर काय करावे, हे शिकविणारे लोक आजही पहिला धडा हाच देतात: पळू नका, थांबा, बसा, आजूबाजूला पाहा, मग बेत करा. आणि निघण्याआधी कोठे जातो व केव्हा परतणार, हे घरी सांगून निघा. आपल्या सह्याद्रीत एकट्याने डोंगर चढणाऱ्या मुलांनीही हे ध्यानात धरावे.

चौथी गोष्ट ओढीची. दूर अनाथाश्रमात एक आजारी मुलगा आईची वाट पाहत होता. ‘मी मेले तर त्याचे कोण?’ ज्याच्यावर कोणी विसंबून आहे तो माणूस सहजासहजी हात टेकीत नाही.

परत आल्यावर काय झाले, तेही सांगितले पाहिजे. वर्तमानपत्रांनी तिला बाई-रॉबिन्सन क्रूसो म्हटले. नाइटची शुश्रूषा तिने नीट केली नाही, असा प्रवादही उठविण्यात आला. पण खुद्द नाइटच्या आईवडिलांनी तिला भेटून तिच्यावर विश्वास ठेवला. तिच्या हकीकतीवर इतरांनी लेख लिहिले, पुस्तके लिहिली. तिच्या पदरात त्यातले फारसे काही पडले नाही. पगाराच्या पैशांतून तिने बेनेटला उपचारांसाठी सिअॅटलला नेले. पुढे गरिबीतच दिवस काढून १९८३ साली ती वारली.

मंडळी, एकट्या माणसाची तयारी ही त्याच्या एकट्याचीच जबाबदारी, असे आपण सहज म्हणून जातो. ते अर्धेच खरे आहे. जो जातो त्याने शिकावे, शिवावे, भीतीशी हिशेब करावा. परंतु जो पाठवितो, नकाशावर बोट ठेवून ‘तेथे सारे मिळेल’ असे सांगतो आणि स्वतः घरी राहतो, त्याच्याकडेही हिशेब मागितला पाहिजे. खाणीत, बोगद्यात, विजेच्या खांबावर माणूस चढतो वा उतरतो, तेव्हा त्याच्या धैर्याचे कौतुक करण्याआधी त्याची शिदोरी कोणी बांधली आणि किती दिवसांची बांधली, हे विचारावयास शिका. एडाच्या धैर्यापुढे मी मान लववितो; परंतु तिला ते धैर्य दाखविण्याची पाळी कोणामुळे आली, हे मी विसरणार नाही, आणि आपणही विसरू नये.