चाकांची खुर्ची आणि तीन पायऱ्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलावेत असा कार्यवाह बाईंचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. व्यासपीठावर बोलण्याची मला सवय नाही, आणि व्यासपीठावर मला चढताही येत नाही. त्या म्हणाल्या, "मग खालूनच बोला." तेव्हा खालूनच बोलते.

गेली नऊ वर्षे मी चाकांच्या खुर्चीत बसते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पाय गेले, त्याचे दुःख करून झाले. पण पुढे खांदे दुखू लागले, बोटांना मुंग्या येऊ लागल्या, स्वतःची वेणी स्वतःला घालता येईना, तेव्हा मात्र मी घाबरले. पाय नसलेल्या बाईचे हात हेच तिचे पाय. तेही गेले तर उरले काय? "वयोमानाने व्हायचेच," असे घरची मंडळी म्हणत, आणि मीही तसेच धरून चालले होते.

मग एके दिवशी नातीने मला एका अमेरिकन संशोधकाची हकीकत वाचून दाखविली. त्यांचे नाव रोरी कूपर. हे गृहस्थ सैन्यात होते. १९८० साली जर्मनीत नेमणुकीवर असताना सायकलवरून जाताना त्यांना अपघात झाला, पाठीच्या कण्यास इजा झाली आणि ऐन तारुण्यात चाकांची खुर्ची नशिबी आली. पण ते स्वस्थ बसले नाहीत. विद्युत् अभियांत्रिकी शिकून १९८९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्याच्या आदल्या वर्षी सोल येथील पॅरालिम्पिक शर्यतीत कांस्यपदकही पटकाविले! १९९४ पासून पिट्सबर्ग येथे, विद्यापीठ आणि माजी सैनिकांचे सरकारी खाते यांच्या साहाय्याने, खुर्च्यांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा त्यांनी उभी केली.

तेथे काय केले म्हणाल, तर खुर्चीच्या चाकालाच बोलते केले. हाताने फिरवावयाच्या कड्यात त्यांनी मापक यंत्रे बसविली. माणूस किती जोर लावतो, कोणत्या दिशेने लावतो, मिनिटाला किती वेळा लावतो, हे सारे त्यावरून कळू लागले. सहकारी डॉक्टरांनी त्याच माणसांच्या मनगटातील नसा तपासल्या. असे आढळले की, जे फार जोराने आणि फार वेळा चाक ढकलतात, त्यांच्या नसांना अधिक इजा होते. म्हणजे दोष केवळ वयाचा नव्हे, तर खुर्चीचा आणि ती चालविण्याच्या रीतीचाही होता!

उपायही साधे निघाले. खुर्ची हलकी असावी. ती अंगाच्या मापाची असावी. मागच्या चाकाचा आस, खुर्ची उलटणार नाही इतपत, पुढे घ्यावा. आणि चाक हिसके देऊन न ढकलता लांब, संथ हाताने फिरवावे, मग हात कड्याखालून सैल मागे आणावा. ज्यांनी लहानपणी जाते ओढले आहे, त्यांना हे सांगावयास नको. जात्याला हिसके देणारी लवकर थकते.

माझी खुर्ची दुकानातून सरसकट मापाची आणलेली होती. बैठक अठरा इंचांची, म्हणजे मला तीन इंच मोठी. चाक गाठण्यासाठी हात बाहेर फाकवावे लागत. चपलेचे माप आपण घालून पाहतो, चोळी मापाची शिवतो. आणि जिच्यात सारा दिवस काढावयाचा, ती खुर्ची मात्र मिळेल ती घेतो. आपल्याकडेही चेन्नईच्या आय. आय. टी. मध्ये प्राध्यापिका सुजाता श्रीनिवासन यांच्या केंद्राने या विषयात मोठे काम केले आहे. बसल्या जागेवरून उभे राहता येईल अशी त्यांची 'अराइज' खुर्ची २०१९ साली बाहेर आली. आपल्यासारख्या एका बाईने हे केले, याचा मला विशेष आनंद वाटतो.

गेल्या वर्षी मी मापाची खुर्ची घेतली. खांदे पूर्ण बरे झाले असे नाही. पण आजची ही वेणी माझी मीच घातली आहे.

आता मनातले बोलते, राग मानू नका. आपल्या मंडळाच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. दर सभेला चौघीजणी मला खुर्चीसकट उचलून आत आणतात. त्यांच्या मायेचे ऋण फिटणारे नाही. पण गेल्या हळदीकुंकवाला एकीचा पाय मुरगळला, आणि त्यानंतर चार महिने मी आले नाही. घरी मी बरे नसल्याचे सांगितले. ते खोटे होते. उचलून आणलेल्या माणसाला मध्येच उठून जाता येत नाही, हे बसल्यावाचून कळावयाचे नाही.

तीन पायऱ्यांची उंची अठरा इंच. एक इंच चढास बारा इंच लांबी धरली, तर अठरा फुटांचा उतार लागेल. आपली बाजूची भिंत बावीस फूट आहे. मी नातीकडून मोजून घेतली. जास्वंदीचे झाड तेवढे हलवावे लागेल. आणि हा उतार काही एकट्या माझ्यासाठी नव्हे. गुडघेदुखीमुळे येईनाशा झालेल्या किती भगिनी आहेत, त्यांची नावे आपणच आठवून पाहा.

पुढल्या वर्धापनदिनी या दारातून मी स्वतःच्या हाताने चाक फिरवीत आत यावे, एवढीच इच्छा आहे.