आजीचा फोटो ग्रुप फोटोतून कापायची वेळ येऊ नये म्हणून

आजचा विषय अगदी घरातला आहे: घरच्या माणसांचे फोटो. सेल्फी नाही, केक कापतानाचा नाही. एकाच माणसाचा, नीट बसवून काढलेला फोटो.

आत्ता गॅलरी उघडून बघा. आजीचा एकटीचा फोटो आहे? बहुतेकांकडे कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो निघतो. मग घरात कुणी गेलं की रात्री अकरा वाजता तोच फोटो शोधायचा, त्यातून चेहरा कापायचा आणि फोटोवाल्याला पाठवायचा. शेजारच्या मावशीचा खांदा तसाच राहतो, मागे निळं आभाळ येतं आणि हार त्यालाच चढतो.

जरा हिशोब करू. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे ४००० ठिपके, उभे ३०००. दहा-दहा माणसांच्या दोन रांगा असतील तर एकाच्या वाट्याला ४०० ठिपके आणि चेहऱ्याला फार तर २००. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे तो चेहरा एका इंचापेक्षाही लहान छापण्याच्या लायकीचा, आणि आपण त्याचा आठ बाय दहा करतो!

आज्या हे स्वतःच बोलतात, बरं का. ‘माझा एक चांगला फोटो काढून ठेव रे.’ आणि अख्खं घर ओरडतं, ‘असं काय बोलतेस!’ माझं मत स्पष्ट आहे. ती म्हणतेय ना, मग विषय बदलू नका. ‘हो, उद्या सकाळी काढू, कुठली साडी नेसतेस?’ असं विचारा. माझ्या आजीने हे ऐकून दोन दिवस कपाट उपसलं होतं.

आता कसा काढायचा ते. पहिलं काम, ट्यूबलाइट बंद करा. खरंच सांगतो, निम्मं काम तिथेच होतं. वरून येणाऱ्या उजेडाने डोळ्यांखाली खड्डे दिसतात, आणि खिडकीचा उजेड एका रंगाचा नि ट्यूबचा दुसऱ्या रंगाचा असला की चेहरा अर्धा पिवळट, अर्धा निळसर येतो. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर खुर्ची ठेवा, खिडकी माणसाच्या बाजूला येईल अशी. खिडकी पाठीमागे नको, चेहरा काळा पडतो. ऊन थेट आत येत असेल तर पांढरी ओढणी किंवा पातळ धोतर लावा. दुसरा गाल फार अंधारात वाटला तर त्या बाजूला कुणाला तरी पांढरी चादर धरून उभं करा. पावसाळ्यातला ढगाळ दिवस तर सगळ्यात छान, उजेड आपोआप मऊ असतो.

दुसरं, लांब उभे राहा. फोन तोंडाजवळ नेला की नाक मोठं आणि कान गायब. त्यात चेहऱ्याचा दोष नाही. फोन एक फुटावर असेल तर नाक कानांपेक्षा चार-पाच इंच जवळ असतं, म्हणून ते फुगतं. पाच-सहा फूट मागे या आणि दोन एक्स वापरा. फोन डोळ्यांच्या उंचीवर धरा; आजी बसली असेल तर तुम्हीही खाली बसा.

चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस लॉक होतो. मग उजेड किंचित कमी करा. केस पांढरे असतील तर हे हवंच, नाहीतर डोक्यावर नुसता पांढरा ढग दिसतो. चष्म्यात खिडकी चमकत असेल तर हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगा.

पोर्ट्रेट मोड? मी टाळतो. तो सुटे केस खातो, नथीचा मोती धूसर करतो, कधी चष्म्याची अर्धी काडीच गायब करतो. आणि ब्यूटी फिल्टर तर हात जोडून सांगतो, बंद करा. सुरकुत्या पुसलेली आजी कुणाची आजी आहे ते ओळखू येत नाही.

‘हस ना’ म्हणू नका, माणूस लगेच आधार कार्डावरच्या फोटोसारखा होतो. हातात काम द्या. शेंगा सोलायला द्या, मेथी निवडायला द्या. गप्पा मारा, मध्येच नावाने हाक मारा. वर बघितलं की काढा.

हे घरात करायचं काम फार जुनं आहे. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन, १८१५ साली कोलकात्यात जन्मलेली बाई. १८६३ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, इंग्लंडमध्ये असताना लेक-जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. तिने कोंबड्यांचं काचेचं खुराडं रिकामं करून तिथे स्टुडिओ थाटला आणि भाच्यांपासून घरातल्या मोलकरणीपर्यंत सगळ्यांना बसवलं. त्या काळी कित्येक मिनिटं न हलता बसावं लागायचं. आपल्याकडे निदान तेवढी तरी सोय आहे.

आईचं प्रकरण वेगळं. ती कायम ‘थांब, केस विंचरते’ म्हणणार आणि परत येणारच नाही. थांबा तिच्यासाठी. आणि बाबांना विसरू नका, कारण घरातले जुने फोटो त्यांनीच काढलेले असतात, त्यामुळे ते कशातच नसतात.

फोटो काढून झाल्यावर त्यांना दाखवा. त्यांना आवडेल तोच ठेवायचा, तुम्हाला ‘कलात्मक’ वाटलेला नाही. प्रिंटसाठी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दोन प्रती काढा आणि एक त्यांच्याच हातात द्या. आमच्या आजीने तिची प्रत शेजारणींना दाखवून दाखवून कोपरे दुमडवले, मग दुसरी काढावी लागली.

चला, भेटू पुढच्या भागात.