कोठीचं धान्य आणि बिनविजेचे दिवस



(शताब्दी सोहळ्यात दिंडीच्या कोठीवाल्यांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला कीर्तन येत नाही. अभंगाला उभं केलं तर मी चाल चुकतो, हे तुम्हाला माहीतच आहे. माझ्याकडे कोठीची किल्ली, म्हणून मी तांदूळ, डाळ आणि मीठ यांच्याविषयीच बोलणार. इतिहास सांगायला जाणती मंडळी बसली आहेत. मी एकाच वर्षाचं सांगतो. त्या वर्षी दिंडी चालली नाही, पण कोठी मात्र रिकामी झाली.

साल २०२०. कोरोनामुळे पायी वारी होणार नाही हे मे अखेरीसच ठरलं होतं. पुढे माउलींच्या पादुकाही एसटीने पंढरपूरला गेल्या. आपली कोठी मात्र भरलेली होती, कारण तांदूळ आपण सुगीतच जमा करतो. मुंबईचे चाकरमानी घरी आलेले, एकेका घरात दहा-दहा, बारा-बारा माणसं. २ जूनला निर्जला एकादशी झाली. दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं सोडून हात धुतोय तोवर निसर्ग चक्रीवादळ आलं. ते दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, पण खाडीच्या अलीकडे आपल्या मंडणगड-दापोलीच्या वाड्यांनाही त्यानं सोडलं नाही. संध्याकाळी बाहेर आलो तर पत्रे नाहीत, कौलं नाहीत, सुपारीच्या बागा आडव्या आणि विजेचे खांब काडीसारखे मोडलेले. आमच्या वाडीत पुन्हा दिवा लागायला महिना उलटून गेला. खांब खांद्यावर घेऊन चिखलातून चढणारी ती लाईनमनची पोरं मी पाहिली आहेत, त्यांना मी बोल लावणार नाही.

वीज गेली म्हणजे अंधार झाला, एवढंच आपल्याला वाटतं. अंधाराचं काही नाही हो, खोबरेल तेलाची पणती लावता येते. खरी अडचण दुसऱ्या सकाळी कळली. नळाला पाणी नाही, कारण पंप बंद. पीठ नाही, कारण गिरण बंद. कणगीत भात आहे पण भरडायचं कुठे? घरात धान्य असून माणूस उपाशी राहू शकतो, हे मला साठी उलटल्यावर समजलं.

फ्रिज दार न उघडता ठेवला तर चारेक तास थंडावा धरतो. गच्च भरलेला मोठा फ्रीझर दोन दिवस. त्यानंतर ते नुसतं कपाट. चाकरमान्यांच्या सुना दर तासाला दार उघडून बघत होत्या, त्यानं ते आणखी लवकर तापलं. तेव्हा आमची माई, म्हणजे जी वारीत आपल्या चुलीवर असते ती, म्हणाली, "अगो, आपण आळंदीपासून पंढरीपर्यंत अठरा-वीस दिवस जातो, तेव्हा ट्रकात काय फ्रिज असतो?" तिथून सगळं सुरू झालं.

दिंडीच्या स्वयंपाकाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. ताटं मोजायची, मग आधण ठेवायचं. शंभर माणसांना बारा किलो तांदूळ, चार-साडेचार किलो डाळ. उरवायचं नाही, कारण उरलेला भात उन्हातान्हात ठेवला की त्यात विष तयार होतं आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. वाडीत आम्ही तेच केलं. चार-चार घरांची एक चूल केली. नासणारं आधी संपवायचं, सुकं शेवटाला. दूध दोनदा उकळून विरजण लावायचं, लोणी काढून लगेच कढवायचं. पाणी विहिरीचं, पूर्ण उकळी आणून. तुरटी फिरवली की पाणी नितळ होतं, शुद्ध होत नाही.

जात्याची गंमत सांगतो. वाडीत पाच जाती निघाली. त्यातलं एक तुळशीपुढे शोभेला मांडलेलं, एकावर कपडे धुवायचे. खुंटा एकालाही नाही. आईनाच्या फांदीचे खुंटे तासले, पाथरवटाच्या हाताखाली राहिलेल्या एका म्हाताऱ्यानं टाकी मारून दिली. जनाबाईचं दळण आपण इतकी वर्षं टाळ वाजवून गातो. प्रत्यक्ष दळायला बसलेल्या सुनांचे हात पहिल्या दिवशी सोलून निघाले. पहाटेपासून दळलं तरी पीठ एका चुलीपुरतंच. मग ठरवलं, भाकरी एक वेळ आणि दुसऱ्या वेळी पेज. पेजेला दळण लागत नाही.

झाडांखाली तर खच पडला होता. कैऱ्या, फणस, रातांबे, नारळ. पडलेलं फळ मार लागलेलं असतं, ते आधी कुजतं. म्हणून निवड केली. ज्या कैरीला डाग नाही ती मिठाच्या पाण्यात. पाणी उकळून गार करायचं, त्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालायचं, वर दगड ठेवून कैरी बुडती ठेवायची. मार लागलेल्या कैऱ्या चिरून, मीठ लावून, मृगाच्या पावसाआधी मिळाली तेवढी उन्हं घेतली आणि पुढे चुलीवरच्या माळ्यावर धुरात सुकवल्या. रातांब्याचं आगळ केलं, त्याला तर जाळही लागत नाही, नुसतं मीठ. फणसाच्या आठळ्या धुऊन सुकवून राखेत. नारळाला काहीच करावं लागत नाही, तो आपल्या आपण राहतो.

पण या सगळ्याला लागतं मीठ, आणि मीठ दुकानात नव्हतं. रस्त्यावर झाडं पडलेली, टेम्पो येईना. कोठीत मिठाच्या दोन गोण्या होत्या. इथे वाद झाला.

तो वाद आज सांगू की नको, असं मी दोघातिघांना विचारलं. सांगा म्हणाले. काही जुन्या मंडळींचं म्हणणं, कोठीचं धान्य माउलींच्या नावानं जमा झालंय, ते घरी खायचं कसं? पुढच्या वर्षी वारीला लागेल. दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. द्यायचंच तर माळकऱ्यांनाच की सगळ्यांना? वाडीत मासे खाणारी घरं आहेत. खाली कातकरी वस्ती आहे, त्यांच्या झोपड्यांचं तर काहीच उरलं नव्हतं. मी स्वतः तेव्हा गप्प बसलो. किल्ली माझ्या कमरेला होती आणि मी गप्प बसलो. विणेकरी महाराज एवढंच म्हणाले, "वारीत पंगतीला बसणाऱ्याची माळ तपासतो का आपण?" आणि माझ्यापुढे हात केला. मी किल्ली दिली.

कातकरी वस्तीला तांदूळ-मीठ गेलं, तशी चौथ्या दिवशी तिथली एक बाई टोपलीभर शेवळं घेऊन आली. वर काकडाची फळं. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, आतला पिवळा भाग काढून काकडाबरोबर शिजवायची, हे तिनं आमच्या सुनांना बसून दाखवलं. पुढे पाऊस लागल्यावर टाकळा, कुर्डू, भारंगी तिच्याच मागे जाऊन खुडली. अळंब्यांना मात्र तिनं हात लावू दिला नाही. म्हणाली, ओळखीची नसेल तर सोडायची. महिनाभर भाजी तिच्या डोळ्यांनी निवडली आणि कोणाला काही बाधलं नाही.

आता माझी चूक सांगून बसतो. कोठीचं एक कोपरं उघडं पडलं होतं. सहा पोती भिजली. तीन पोत्यांचा तांदूळ माईनं त्याच दिवसापासून पाट्यावर वाटून घावन घालून संपवला. उरलेली तीन वरून कोरडी वाटली म्हणून मी ती सुक्या थप्पीत रचली. पाचव्या दिवशी हात घातला तर पोतं आतून गरम, जसा उकिरडा तापतो तसं, आणि कुबट वास. वर हिरवी-काळी बुरशी. एकजण म्हणाला, धुऊन शिजवू. मी नको म्हटलं. बुरशीचं विष धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही. तीनही पोती खड्ड्यात पुरली. पोती पसरून, हात घालून रोज बघायला हवी होती. वारीत मी रोज बघतो. घरी होतो म्हणून नाही बघितलं.

कोठीच्या वहीत त्या वर्षीचा सगळा शिधा घरोघरच्या नावानं लिहिलेला आहे. सुगीला लोकांनी आपणहून आणून घातला, कोणी पायली, कोणी पोतं. ती पुरलेली तीन पोती मी माझ्या नावावर लिहिली आहेत. दोन दिली, एक बाकी आहे. येत्या सुगीला देतो.

राम कृष्ण हरी.