रेट विकार आणि आपल्या मुली



आज एका अशा आजाराविषयी बोलावयाचे आहे, की ज्याचे नावही आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले नसेल. त्यास 'रेट विकार' म्हणतात. सुमारे दहा हजार मुलींमागे एकीस तो होतो. मुलग्यांत फार क्वचित.

मुलगी जन्मतः ठणठणीत दिसते. बसू लागते, हसते, एखाददुसरा शब्द बोलते. मग साधारण दीड वर्षाच्या सुमारास शिकलेले विसरू लागते. हातातला खुळखुळा सुटतो, बोल थांबतात आणि साबण लावून धुवावेत तसे दोन्ही हात ती सारखे चोळत राहते. व्हिएन्नाचे डॉ. आंद्रेआस रेट यांना १९५४ साली आपल्या दवाखान्यात आयांच्या मांडीवर बसलेल्या दोन मुली हुबेहूब असेच हात चोळताना दिसल्या. १९६६ साली त्यांनी त्यावर जर्मन भाषेत लिहिले, पण बाहेरच्या जगाने लक्ष दिले नाही. १९८३ मध्ये स्वीडनचे डॉ. हागबर्ग व सहकारी यांनी ३५ मुलींची हकिकत इंग्रजीत छापली, तेव्हा कुठे डॉक्टरांत चर्चा सुरू झाली.

कारण सापडले १९९९ साली. बैरूतला जन्मलेल्या डॉ. हुदा झोग्बी यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेस एका जनुकातील बिघाड आढळला. हा बिघाड बहुधा त्या मुलीतच नव्याने झालेला असतो. तेव्हा सुनेने ग्रहण पाळले नाही, कोणाची नजर लागली, ही घरातली बोलणी आधी बंद करा.

आजार समूळ घालविणारे औषध अद्याप नाही. २०२३ साली अमेरिकेत ट्रोफिनेटाइडला मान्यता मिळाली. त्याने लक्षणे काहीशी सौम्य होतात, इतकेच. मग डॉक्टरांकडे जाऊन काय उपयोग, असे आपण विचाराल. उपयोग आहे. या मुलींना फिट्स येतात, पाठीचा कणा वाकतो, घास गिळणे जड जाते. काहींच्या हृदयाच्या ठोक्यांत दोष असतो व काही नेहमीची औषधे त्यांना अपायकारक ठरतात. म्हणून ईसीजी वेळोवेळी काढावा लागतो. मेंदूविकारतज्ज्ञ, अस्थितज्ज्ञ, व्यायामोपचार, आहार यांचा मेळ बसला, तर मुलगी पुष्कळ वर्षे बरी राहते. शिवाय तिचे डोळे बोलतात. दोन चित्रे समोर धरा, हवे त्याकडे ती बघते. हे तर घरीही शिकविता येते.

कुळगावकरांना परळचे वाडिया बाल रुग्णालय लोकलच्या वाटेवर आहे. गाडीत अपंगांसाठी राखीव डबा असतो. जाताना मुलीच्या हातांची हालचाल मोबाईलवर टिपून न्या, आणि ती पहिला शब्द कधी बोलली व तो केव्हा थांबला, हे कागदावर लिहून न्या.