यंत्र वाजलं, तर?



व्हाइटफील्डच्या मराठी मंडळींशी आज जुन्या नाण्यांविषयी बोलू या.

धातुशोधक यंत्र घेऊन हिंडायचा छंद अनेकांना खुणावतो.
आणि आपल्या भागाची माती खरोखर श्रीमंत आहे.
इथून पश्चिमेला, एचएएलच्या परिसरात, रोमन नाणी सापडली होती.
यशवंतपूरलाही सापडली.
सम्राट ऑगस्टस, सम्राट टायबेरियस यांच्या काळातली!
व्यापारामुळे ही चांदीची नाणी समुद्र ओलांडून इथवर आली.

पण यंत्र वाजलं, तर खणू नका.
आधी कळवा.

नाणं किती खोल होतं?
मडक्यात होतं का?
शेजारी खापरं होती का?
अभ्यासक यावरूनच त्याची गोष्ट जुळवतात.
घाईनं उपसलं, की ही माहिती कायमची जाते.
मला याचंच सर्वांत वाईट वाटतं.

कायदाही स्पष्ट आहे.
कर्नाटकात गुप्तधनाचा १९६२चा कायदा लागू आहे.
पुरलेली मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

म्हणून पुन्हा सांगते.
खणू नका, आधी कळवा.

घराच्या पायात, बांधकामाच्या खड्ड्यात जुनं नाणं दिसलं, तर फोटो काढा.
जागा लिहून ठेवा.
आणि त्याच दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा.