परभाषेची भीती

परभाषा बोलताना भीती वाटणे अगदी स्वाभाविक आहे.
ती हुशारीची उणीव नव्हे.

१९८६ मध्ये एलेन हॉर्विट्झ, मायकेल हॉर्विट्झ आणि जोआन कोप या अभ्यासकांनी ही भीती नेमकी मांडली.
त्यांनी तिचा संबंध तीन गोष्टींशी जोडला.
चारचौघांत बोलण्याचा संकोच.
परीक्षेचे दडपण.
आणि लोक नावे ठेवतील, ही धास्ती.

भीती वाटली की अर्धे लक्ष काळजीतच गुंतते.
मग येत असलेला शब्दही आठवत नाही.

पुण्यात जर्मन शिकणारी एखादी विद्यार्थिनी वहीत वाक्य अचूक लिहिते.
वर्गात उभी राहिली की मात्र नामाच्या लिंगापाशी अडते.
खरे तर लिंग चुकले तरी अर्थ बहुधा पोहोचतो.
मराठी शिकणारा कोणी “माझा खुर्ची कुठे आहे?” म्हणाला, तरी त्याला खुर्ची मिळतेच.
म्हणून चूक झाली, तरी बोलणे थांबवू नये.

सुरुवात लहान असावी.
रोज थोडा मजकूर मोठ्याने वाचावा.
आधी एकाच सोबत्याशी बोलावे, मग गटात.
“जरा सावकाश बोला”, “पुन्हा सांगाल का?” ही वाक्ये त्या भाषेत तोंडपाठ ठेवावीत.
अडचणीत तीच विचार करायला वेळ मिळवून देतात.

शिक्षकांनीही मध्येच टोकू नये.
बोलणे पूर्ण झाल्यावर चूक दाखवावी.

सरावाने भीती ओसरते.
चूक झाली, तरी बोलत राहावे.