चाकाची खुर्ची आणि आपला उंबरठा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



अशा मेळाव्यात आपण परीक्षेत वरचे क्रमांक मिळवणाऱ्या मुलांचे कौतुक करतो. ते व्हायलाच हवे. परंतु आज मला त्या मुलांविषयी बोलायचे आहे, जी या सभागृहापर्यंत पोहोचलीच नाहीत. आपल्या मोहल्ल्यात एखादे घर असे असते की, तेथील तीन मुले दप्तर घेऊन शाळेत जातात आणि चौथे खाटेवर पडून असते. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत नेतात. ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून आई डोळे पुसते आणि विषय मिटतो. तो मिटू देऊ नका, ही विनंती करण्यासाठी मी आपल्यापुढे उभा आहे.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. ऐन किशोरवयात या मुलीच्या कमरेखालची संवेदना गेली आणि चालणे कायमचे थांबले. निराशेच्या त्या दिवसांत त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वतः अपंग असूनही ताठ मानेने जगत होते. दयेचे शंभर शब्द जे करू शकले नसते, ते या एका भेटीने केले. नसीमाबहेन शिकल्या, सेंट्रल एक्साइज खात्यात नोकरीला लागल्या आणि नोकरी सांभाळून अपंगांच्या सेवेला लागल्या. 1984 साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. खेड्यापाड्यांतील अपंग मुलांसाठी ‘घरौंदा’ हे वसतिगृह झाले. साधने तयार करण्याची कार्यशाळा झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात काजू-प्रक्रियेचे काम सुरू झाले. ज्यांना घरचे लोक ओझे समजत होते, ते स्वतःच्या कमाईचा घास खाऊ लागले. नसीमाबहेनचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आपल्या संस्थेच्या वाचनालयात असावे आणि प्रत्येक मुलीने ते वाचावे, असे मला वाटते.

दुसरे नाव जावेद आबिदी यांचे. अलिगढला 1965 साली जन्मलेल्या या मुलाच्या मणक्यात जन्मजात दोष होता. पुढे चाकाची खुर्ची आली. अमेरिकेत पत्रकारितेचे शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि अपंगांच्या हक्कांसाठी झगडू लागले. त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या आंदोलनानंतर डिसेंबर 1995 मध्ये संसदेने अपंगांसाठीचा कायदा मंजूर केला. 2001 च्या जनगणनेत अपंगांची नोंद व्हावी, यासाठीही ते लढले. विमानात चढण्या-उतरण्याच्या सोयीसाठी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. 2018 साली ते अल्लाहला प्यारे झाले. पण त्यांनी उघडलेल्या वाटेने आज हजारो लोक ये-जा करीत आहेत.

मित्रहो, या दोघांनी भीक मागितली नाही, हक्क मागितला. त्या हक्काची माहिती आपल्याला आहे काय? 1995 च्या कायद्याची जागा आता 2016 च्या कायद्याने घेतली आहे. त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत. 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा अधिकार आहे. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के जागा राखीव आहेत. यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते सरकारी रुग्णालयातून मिळते. पण मुलाला घराबाहेरच काढले नाही, तर प्रमाणपत्र कोठून मिळणार? 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग नोंदले गेले. लाजेपोटी ज्यांची नावे सांगितली गेली नाहीत, ती मुले यात नाहीत.

या लाजेला दीनमध्ये जागा नाही. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम हे अंध सहाबी होते. ‘अबस’ या सूरहचा संबंध त्यांच्याशी आहे, हे मदरशातले मूलही सांगेल. एका अंध माणसाकडे दुर्लक्ष होऊ नये, म्हणून आयती उतरल्या. हेच सहाबी पुढे मदीनेत अजान देत आणि हुजूर (स.) शहराबाहेर जात, तेव्हा मदीनेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवीत. ज्यांच्यावर शहर सोपवले गेले, त्यांच्यासारख्यांना आपण आतली खोली द्यावी काय?

आता आपल्या इमारतीकडे पाहा. शाळा असो वा मशीद, दारात तीन पायऱ्या असतातच. एक पायरी 15 सेंटिमीटरची धरली, तर तीन पायऱ्यांची उंची 45 सेंटिमीटर होते. उतारासाठी उंचीच्या बारापट लांबी लागते. म्हणजे साधारण साडेपाच मीटरचा रॅम्प आणि बाजूला कठडा. दार 90 सेंटिमीटर रुंद असावे. शौचालयाचे दार बाहेर उघडावे आणि आत धरायला दांडा असावा. एका मजल्याच्या बांधकामापुढे हा खर्च किती? या उतारावरून उद्या आपल्यापैकी कुणाची वृद्ध आईही चालेल.

पालकहो, घरातील अपंग मुलाचे नाव यंदा शाळेत घाला. शिक्षकांनो, त्याचा वर्ग तळमजल्यावर भरवा. आणि विद्यार्थ्यांनो, सोबत्याची खुर्ची ढकलण्यापूर्वी त्याला विचारा. ती खुर्ची म्हणजे त्याचे पाय आहेत. विचारल्याशिवाय कुणाच्या पायांना हात घालू नये. खेळात त्याला गुण मोजायला बसवून मोकळे होऊ नका. त्याला डाव द्या.

पुढच्या वार्षिक अहवालात उत्तीर्ण मुलांच्या आकड्याखाली आणखी एक ओळ छापली जावी, एवढेच मागणे आहे: यंदा किती अपंग मुलांनी आपल्या शाळेत प्रवेश घेतला. तो आकडा एक असला तरी चालेल, शून्य नसावा. अल्लाहतआला आपणा सर्वांना याची तौफीक देवो. आमीन.

जय हिंद, जय महाराष्ट्र.